ब्लूटूथ रिसिव्हरला चावीचा करंट कुठून घ्यायचा? चार दिवस गाडी उभी राहिली की बॅटरी उतरते

सिन्नर_मळा

नमस्कार मंडळी, इथे पहिल्यांदाच प्रश्न टाकतोय, जरा लांबेल पण सगळं सांगितल्याशिवाय कळणार नाही.

बाबांची २०११ ची वॅगन-आर आहे, पेट्रोल. दीड वर्षापूर्वी त्यात बाहेरचा टचस्क्रीन स्टिरिओ बसवला, त्याला यूएसबी आहे, ऑक्स (वायरने बाहेरचा आवाज द्यायचं भोक) आहे, पण ब्लूटूथ नाही. बाबांना मोबाईलवरची कीर्तनं गाडीत ऐकायची असतात, दरवेळी पेनड्राइव्हमध्ये भरून द्यायचं म्हणजे मी घरी असलो तरच. म्हणून गेल्या महिन्यात छोटा ब्लूटूथ रिसिव्हर आणला जो ऑक्सला लागतो. त्याला ५ व्होल्ट लागतात, आणि आमच्या गाडीचा चार्जरचा सॉकेट बऱ्याच दिवसांपासून बंद आहे, त्यामुळे १२ चे ५ करणारा छोटा कन्व्हर्टर पण घेतला आणि गावातल्या एका दुकानात जोडून घेतला. त्या माणसाने स्टिरिओ अर्धा बाहेर ओढला, कुठलीतरी वायर सोलली, गुंडाळली, टेप मारली, दहा मिनिटांत काम झालं. चालतं छान. पण चावी काढली तरी रिसिव्हरचा निळा दिवा जळतच राहतो.

त्याच आठवड्यात बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि गाडी चार दिवस अंगणात उभी राहिली. सोमवारी सकाळी तपासणीला न्यायचं होतं, चावी फिरवली तर नुसतं टकटकटक. बाबा काळा चष्मा लावून ओट्यावर उभे, नऊची वेळ दिलेली, मला काही सुचेना. शेजाऱ्यांच्या पिकअपवरून केबल लावून चालू केली तेव्हा पोचलो. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच झालं, परत चार दिवस उभी आणि परत टकटक. बॅटरी दीड वर्षाचीच आहे, ३५ एएचची (अँपिअर-तास), दुकानात तपासली तर बॅटरी चांगली आहे म्हणाले.

मला चावी लावल्यावरच येईल असा करंट हवाय. तो स्टिरिओच्या मागे मिळतो की फ्यूज बॉक्समधून घ्यायचा? कुठल्या रंगाची वायर शोधू? माझ्याकडे मल्टिमीटर आहे, घरातले स्विच बदलायला वापरतो, गाडीत कधी हात घातलेला नाही.

अजून एक, आमचा स्टिरिओ चावी न लावताही चालतो. बाबा शेताच्या बांधावर गाडी लावून ऐकत बसतात, त्यामुळे ते सोयीचंच वाटायचं. त्याचा याच्याशी काही संबंध आहे का माहीत नाही म्हणून सांगून ठेवतो.

खान्देशी_स्टेअरिंग

भाऊ एवढं डोकं लावायची गरज नाही, कन्व्हर्टरच्या लाल वायरमध्ये एक छोटं बटण टाक आणि स्टेअरिंगखाली चिकटव. गाडी बंद केली की बटण बंद. माझ्या पिकअपमध्ये पाठीमागच्या लाइटला तसंच केलंय, चार वर्षं झाली काही त्रास नाही. ४०-५० रुपयाचं काम.

डोंबिवली_लोकल

बटण चालतं पण ते रोज आठवणीने बंद करणारा माणूस लागतो. इथे बाबांचं ऑपरेशन झालेलं, गाडी कधी हे चालवणार कधी ते, एक दिवस राहून गेलं की परत केबल शोधत फिरायचं. चावीवर जे आपोआप बंद होतं तेच घ्या.

मी माझ्या गाडीत डॅशकॅम स्वतः जोडला, मुलगा टॉर्च धरून बसला होता, तेव्हा जे शिकले ते सांगते. फ्यूज टॅप नावाची वस्तू मिळते. फ्यूज काढायचा, त्या जागी टॅप घालायचा, टॅपमध्ये दोन फ्यूजना जागा असते, एकात गाडीचा जुना फ्यूज आणि दुसऱ्यात आपल्या वस्तूचा छोटा. वायर कापावी लागत नाही आणि उद्या काढून टाकलं की गाडी होती तशी. फक्त फ्यूजचा आकार बघून टॅप घ्या, मिनी, लो प्रोफाइल मिनी, मायक्रो असे प्रकार असतात, दिसायला सारखे वाटतात पण बसत नाहीत. मी पहिल्यांदा चुकीचाच आणला होता.

आणि टॅप उलटा बसू शकतो हे कोणी सांगत नाही. फ्यूज काढल्यावर चावी ऑनला ठेवून त्या दोन खाचांवर मीटर लावा. ज्या खाचेत १२ येतात ती बॅटरीकडची बाजू, टॅपचा जो पाय दोन्ही फ्यूजना मिळून एकच असतो तो तिकडे गेला पाहिजे. उलटा घातला तरी सगळं चालतं म्हणून कळतच नाही, पण मग आपल्या वस्तूचा लोड गाडीच्या जुन्या फ्यूजमधूनच जातो.

एअरबॅग, एबीएस, इंजिनचा कंप्युटर, पेट्रोल पंप, यांच्या फ्यूजना अजिबात हात लावू नका. आणि डॅशच्या आत पिवळ्या रंगाचा कपलर (वायरी जोडायचा प्लास्टिकचा जोड) किंवा पिवळी स्लीव्ह दिसली की ती एअरबॅगची असते, तिथे मीटर पण लावायचा नाही.

मिरज_वायरमन

सिन्नर मळा, तुमच्या शेवटच्या परिच्छेदात उत्तर आहे. स्टिरिओ चावीशिवाय चालतो आणि चार्जरचा सॉकेट बंद आहे, या दोन गोष्टी एकत्र आल्या की मी आधी फ्यूज बघतो. सव्वीस वर्षं वायरिंगचं काम करतोय, असल्या गाड्या महिन्याला दोन तरी येतात. फ्यूज टॅप चांगली वस्तू आहे, ताईंनी बरोबर सांगितलं, पण तुमच्या गाडीत आधी काय बिघडलंय ते बघू, नाहीतर बिघाडावर नवीन काम चढवल्यासारखं होईल.

आधी चावीचं समजून घ्या. लॉक, मग एसीसी, मग ऑन, मग स्टार्ट. बॅटरीचा डायरेक्ट करंट चावी नसतानाही असतो, घड्याळ आणि स्टेशनची मेमरी त्यावर राहते. एसीसीचा करंट चावी पहिल्या खटक्यावर आली की येतो, सेल मारताना क्षणभर जातो, सुटला की परत येतो. स्टिरिओ आणि चार्जर यासाठी तो हाच. ऑनचा म्हणजे इग्निशनचा करंट वेगळा, तो इंजिनच्या कामाचा, त्यावर गाणी लावू नये.

बाहेरच्या स्टिरिओच्या वायरचे रंग जवळपास ठरलेले असतात. पिवळी डायरेक्ट, लाल एसीसी, काळी अर्थ, निळी ॲन्टेनाची, निळ्यावर पांढरी रेघ असेल तर ॲम्प्लिफायरला सिग्नल देणारी, नारिंगी पार्किंग लाइटची. पांढरी, करडी, हिरवी, जांभळी या जोड्या स्पीकरच्या. पण हे रंग स्टिरिओच्या बाजूचे. गाडीच्या बाजूच्या वायरिंगचे रंग कंपनीचे स्वतःचे असतात, तिथे लाल म्हणजे एसीसी समजून जोडलं तर फसाल. रंग विचारू नका, मीटरला विचारा.

आता तुमच्या गाडीत काय झालं असेल ते सांगतो. बऱ्याच छोट्या गाड्यांत स्टिरिओचा एसीसी आणि चार्जर सॉकेट एकाच फ्यूजवर असतात. तो फ्यूज उडाला की सॉकेट मेला आणि स्टिरिओच्या लाल वायरला जाणारा करंट पण मेला. मग स्टिरिओ बसवणारा मीटर लावतो, लालला काही येत नाही, गिऱ्हाईक समोर उभं, तो लाल आणि पिवळी एकत्र पिळतो आणि मोकळा होतो. स्टिरिओ चालतो, गिऱ्हाईक खूष. पण स्टिरिओला आता कधीच कळत नाही की चावी काढली. बटणाने बंद केला तरी आतून जागाच राहतो आणि रात्रंदिवस बॅटरी पितो. तुमचा रिसिव्हर वर आणखी.

असं करा. मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा, काळी प्रोब बॉडीच्या रंग नसलेल्या बोल्टवर. स्टिरिओ बाहेर काढा, चौकटीला स्क्रूड्रायव्हर लावू नका, जुनं प्लास्टिकचं कार्ड सरकवून क्लिपा सोडवा. मागे पिवळी आणि लाल कुठे जातात ते डोळ्यांनी बघा. मग गाडीकडून येणारी एकेक वायर तपासा, चावी काढून, चावी एसीसीला, आणि पार्किंग लाइट लावून. चावी नसताना १२ दाखवते ती डायरेक्ट. एसीसीला नव्याने जिवंत होते ती आपल्याला हवी ती. पार्किंग लावल्यावरच येते ती लाइटची, या नारिंगीवर भलेभले फसतात, रात्री तपासलं आणि लाइट चालू असली तर तीच एसीसी वाटते.

आणि बॅटरीवरचा उपसा, म्हणजे गाडी बंद असताना जाणारा करंट, मोजा म्हणजे अंदाज राहणार नाही. गाडी बंद, दारं बंद, बोनेट उघडं. १० नंबरच्या पान्याने बॅटरीची निगेटिव्ह काढा, मीटरची लाल पिन १० अँपिअरच्या भोकात घाला, एक प्रोब निगेटिव्ह खांबाला आणि दुसरी काढलेल्या केबलला. पंधरा-वीस मिनिटं थांबून आकडा बघा. मीटर असा लावलेला असताना सेल मारायचा नाही, चावीही फिरवायची नाही, फ्यूज मीटरमधला जाईल. आणि काम झाल्यावर पिन परत व्होल्टच्या भोकात, विसरून कुठे व्होल्ट मोजायला गेलात तर शॉर्ट होईल.

आकडे इथे टाका.

पुणे_नवी_गाडी

मधेच विचारतो, माझी गाडी नवीन आहे, स्टिरिओच्या मागे एसीसीची वायरच सापडत नाहीये. एक डायरेक्ट, एक अर्थ, बाकी स्पीकर आणि दोन बारीक पिळलेल्या वायरी. चावी फिरवली तरी एकही नवीन जिवंत होत नाही. काय प्रकार?

मिरज_वायरमन

त्या दोन पिळलेल्या वायरी कॅन लाइनच्या, म्हणजे गाडीतले कंप्युटर एकमेकांशी बोलतात त्या, असाव्यात. तुमच्या स्टिरिओला चावी लागली हा निरोप त्यावरून जातो, करंट म्हणून येत नाही. त्यांना सोलू नका, जोडू नका. तुम्ही फ्यूज बॉक्समधूनच घ्या, ताईंनी सांगितला तसा टॅप. आणि तपासताना गाडी लॉक करून पंधरा मिनिटांनी परत बघा, नव्या गाड्यांत काही लाइनी चावी काढल्यावर थोडा वेळ चालू राहतात, तेवढ्यावरून ती डायरेक्ट समजू नका, आणि उलटंही करू नका.

सिन्नर_मळा

वायरमनदादा, तुम्ही गाडी बघितल्यासारखं सांगितलंत. आज सकाळपासून अंगणात बसलो होतो, जे सापडलं ते क्रमाने लिहितो.

आधी उपसा मोजला. दारं लावून वीस मिनिटं थांबलो, ०.३४ अँपिअर. मग रिसिव्हरच्या कन्व्हर्टरची वायर सोडली, तरी ०.२६! म्हणजे मी महिनाभर ज्या रिसिव्हरला बोल लावत होतो त्याचा वाटा थोडाच, बाकी सगळं स्टिरिओच पीत होता. इतके दिवस कळलं नाही कारण बाबा रोज गाडी काढायचे, रोज चार्ज व्हायची. ऑपरेशनमुळे पहिल्यांदाच गाडी चार दिवस सलग उभी राहिली. हिशोब केला, ०.३४ गुणिले २४ म्हणजे दिवसाला ८ एएचच्या वर, चार दिवसांत साडेबत्तीस. बॅटरी ३५ ची. टकटक का झालं ते कागदावरच दिसलं.

मग स्टिरिओ काढला. मागचं बघून वाईट वाटलं. गाडीचा मूळ कपलर कापून टाकलेला आहे. स्टिरिओची पिवळी आणि लाल एकत्र पिळून गाडीच्या एकाच वायरला जोडलेली, त्यावर कन्व्हर्टरची तिसरी वायर, आणि वर काळी टेप जी उन्हाने विरघळून चिकट झालीये, बोट लावलं की काळं होतं. तांब्याचा एक केस टेपच्या बाहेर आलेला होता, पाठीमागे लोखंडी पट्टीपासून अर्ध्या इंचावर.

आणि सगळ्यांच्या मागे एक वायर टोकाला टेप गुंडाळून कोंबून ठेवलेली सापडली. कशालाच न जोडलेली. तिला मीटर लावला, चावी काढून शून्य, एसीसीला शून्य, ऑनला शून्य, पार्किंग लावून पण शून्य. हीच एसीसीची असेल का?

मग फ्यूज बॉक्स उघडला, स्टेअरिंगच्या खाली. झाकणावरच्या तक्त्यात रेडिओच्या रांगेतला १५ चा निळा फ्यूज काढून उजेडात धरला तर आतली तार तुटलेली! मला इतका आनंद झाला की बाबांना नेऊन दाखवला. गावातून १५ चे दोन नवीन आणले, एक घातला, चावी एसीसीला फिरवली आणि आतून टक् असा आवाज. काढून बघतो तर हाही उडालेला. आता थांबलोय, दुसरा घालायची हिंमत नाही.

खान्देशी_स्टेअरिंग

२० चा टाकून बघ ना, १५ चा कमी पडत असेल.

मिरज_वायरमन

नको, कृपा करून नको. खान्देशी भाऊ, राग मानू नका, पण फ्यूज वायरसाठी असतो. १५ ची वायर आहे म्हणून १५ चा फ्यूज आहे, २० चा किंवा ३० चा घातला आणि शॉर्ट तसाच राहिला तर फ्यूजच्या जागी वायर तापेल, आणि ती वायर डॅशच्या आत बाकीच्या शंभर वायरींबरोबर बांधलेली आहे. चांदीचा कागद, तांब्याची तार, हे तर कधीच नाही. मी अशी जळलेली गाडी डोळ्यांनी बघितलीये, माणसं वेळेत उतरली म्हणून वाचली.

सिन्नर मळा, स्टिरिओ बाहेर आहे, मोकळी वायर टेप केलेली आहे, तरी फ्यूज घातल्याबरोबर उडतो, म्हणजे शॉर्ट त्या लाइनवर दुसरीकडे आहे. आणि त्या लाइनवर दुसरं काय आहे? चार्जरचा सॉकेट. बॅटरीची निगेटिव्ह काढा आणि टॉर्च घेऊन सॉकेटच्या आत बघा. स्वस्त चार्जरचं पुढचं स्टीलचं टोक चुडीवर फिरवून बसवलेलं असतं, ते ढिलं होतं आणि चार्जर ओढला की टोक आणि स्प्रिंग आत राहतात. मधला खांब आणि बाजूची भिंत त्याने जोडली गेली की झाला शॉर्ट. नाणं पण सापडतं कधीकधी, रुपयाचं. काढताना लोखंडी चिमटा नको, लाकडी काडी घ्या.

डोंबिवली_लोकल

कन्व्हर्टरला त्याचा स्वतःचा १ अँपिअरचा छोटा इनलाइन फ्यूज लावायला विसरू नका, जिथून वायर घ्याल त्याच्या अगदी जवळ. १५ चा फ्यूज त्या केसाएवढ्या वायरीला वाचवणार नाही.

आणि ती काळी टेप सगळी फेका हो. टेपऐवजी वायर सोल्डर करा नाहीतर क्रिम्प करा, म्हणजे धातूच्या नळीत दाबून बसवा, आणि वर हीट श्रिंक स्लीव्ह चढवा, लायटरने नको, हेअर ड्रायरने पण आकसते जरा वेळ धरला तर. वायरीच्या जुडग्याला गुंडाळायला कापडी टेप मिळते, ती उन्हात चिकट होत नाही.

सिन्नर_मळा

सापडलं!!

सॉकेटच्या तळाशी आडवं पडलेलं स्टीलचं टोक, मुगाच्या दाण्यापेक्षा जरा मोठं, आणि त्याच्याबरोबर बारीक स्प्रिंग. एका बाजूने काळं पडलंय. निगेटिव्ह काढून उदबत्तीच्या काडीला चिकटपट्टी उलटी गुंडाळून बाहेर काढलं. आईने बघितल्या बघितल्या ओळखलं, म्हणाली मागच्या वर्षी पंढरपूरला जाताना चार्जर असाच हातात तुटून आला होता, स्टिरिओ बसवायच्या दोन-तीन महिने आधी. म्हणजे तेव्हापासून फ्यूज उडालेला, आणि स्टिरिओवाल्याने लाल वायर पिवळीला का जोडली तेही कळलं.

त्या दुकानाचं नाव मी घेणार नाही पण एवढं म्हणावंसं वाटतं की त्याने दोन मिनिटं फ्यूजचं झाकण उघडलं असतं तर बाबांना त्या सकाळी ओट्यावर ताटकळावं लागलं नसतं. लालला करंट येत नाही हे त्याला दिसलं होतं ना, मग मला सांगायचं, मी थांबलो असतो.

दुसरा १५ चा घातला. उडाला नाही. मोकळ्या वायरीला मीटर लावला, चावी काढून ०, एसीसीला १२.४, ऑनला १२.४, पार्किंगने काही फरक नाही. गाडी चालू केल्यावर १४.१. सेल मारताना आकडा खाली जातो आणि परत येतो, दादांनी सांगितलं तसंच.

आता जोडण्याआधी विचारतो, मीटरला १२ आले म्हणजे पुरे ना?

मिरज_वायरमन

पुरे म्हणणार नाही. मीटर इतका थोडा करंट ओढतो की एकाच केसावर लोंबकळणारी वायर असली तरी १२ दाखवेल. पार्किंगचा ५ वॉटचा बल्ब घ्या, एक वायर त्या एसीसीला, एक बॉडीला, आणि बल्ब पेटलेला असताना मीटर बघा. आकडा जवळपास तिथेच राहिला तर वायर तब्येतीची आहे. ८-९ वर घसरला तर कुठेतरी सांधा सडलाय. हे फक्त या लाइनवर करा, इंजिनच्या किंवा एअरबॅगच्या वायरींवर बल्ब लावू नका.

मग निगेटिव्ह काढा आणि जोडा. गाडीची डायरेक्ट स्टिरिओच्या पिवळीला, ही सापडलेली स्टिरिओच्या लालला, आणि लालवरूनच कन्व्हर्टर, १ चा फ्यूज मधे टाकून. रिसिव्हर किती खातो, ०.१ च्या आसपास, त्याला रिले (थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) वगैरे काही नको. कन्व्हर्टरची काळी वायर स्टिरिओच्या काळीलाच द्या, वेगळा बोल्ट शोधू नका, नाहीतर इंजिनच्या आवाजाबरोबर चढणारी शिट्टी ऐकू येईल.

पिवळी आणि लाल उलट जोडू नका, उलट झाली तर चावी काढली की घड्याळ आणि स्टेशनं पुसली जातात, त्यावरून लगेच कळतं.

खान्देशी_स्टेअरिंग

दादा राग कसला, बरोबर सांगितलंत. २० चा फ्यूज मी पिकअपमध्ये घातलेला आहे खरा, उद्या काढून बघतो तिथे मूळ किती लिहिलंय. एक विचारू का, माझ्या त्या पाठीमागच्या लाइटी दोन आहेत, ५५-५५ वॉटच्या. त्या पण अशाच एसीसीच्या वायरीवर घेतल्या तर चावीने बंद होतील ना? बटण राहून जातं कधी कधी, खरं सांगायचं तर दोनदा गेलंय.

मिरज_वायरमन

तुम्हाला मात्र रिले लागणार. ५५ अधिक ५५ म्हणजे ११० वॉट, १२ ने भागा, ९ अँपिअरच्या वर. एवढा लोड एसीसीच्या बारीक वायरीवर आणि चावीच्या स्विचवर टाकायचा नाही, चावीचे पॉइंट जळतात आणि मग गाडीच बंद पडते.

साधा चार पायांचा १२ व्होल्टचा रिले आणा, पायांवर नंबर लिहिलेले असतात. ३० वर बॅटरीची जाड वायर, बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत १५ चा फ्यूज टाकून. ८७ वरून लाइटीला. ८५ बॉडी अर्थ. ८६ वर एसीसीचा करंट, तुमच्या त्या बटणातून फिरवून. म्हणजे बटण चालू राहिलं तरी चावी काढली की रिले सुटतो. रिलेची कॉइल ०.२ च्या आत खाते, एसीसीच्या वायरीला तेवढं काहीच नाही. रिलेत डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) असलेला मिळाला तर ८५-८६ ची दिशा त्याच्यावर लिहिलेली बघूनच जोडा. ज्यांना मोठा ॲम्प्लिफायर बसवायचाय त्यांनाही तेच तत्त्व, जाड वायर बॅटरीवरून, आणि स्टिरिओची निळी-पांढरी फक्त जागं करायला. निळी-पांढरीवर पंखा, लाइट, चार्जर काही चालवू नका, स्टिरिओ आतून जळेल.

सिन्नर_मळा

उशीर झाला कळवायला, मुद्दाम थांबलो होतो.

बल्बने तपासलं, १२.४ चे १२.३ झाले, म्हणजे वायर चांगली. सगळ्या जुन्या टेपा काढल्या, प्रत्येक सांधा सोल्डर केला, स्लीव्ह चढवल्या. चुलत भावाचं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे, त्याची सोल्डरिंगची मशीन आणली होती, त्याने पहिले दोन सांधे करून दाखवले आणि बाकी मी केले. १ चा फ्यूज कन्व्हर्टरला लावला, काळी वायर स्टिरिओच्या काळीलाच दिली.

तरी शिट्टी आलीच, ॲक्सिलेटर दाबला की कीर्तनाच्या मागून ऊंऊं चढायचं. वाचून कळलं की रिसिव्हर आणि स्टिरिओ एकाच सप्लायवर असले की ऑक्सच्या वायरीतून असा आवाज येऊ शकतो, आणि मधे ग्राउंड लूप आयसोलेटर लावतात. काडेपेटीएवढी डबी, ऑक्सच्या वायरीत मधे लावली, आवाज गेला. टाळ आणि मृदुंग वेगवेगळे ऐकू येतात आता.

उपसा परत मोजला, ०.०३. गुरुवारी संध्याकाळी गाडी लावली आणि मुद्दाम चार दिवस हात लावला नाही, बाबा दोनदा म्हणाले काढ रे, तरी नाही. आज सोमवारी सकाळी चावी लावायच्या आधी बॅटरीवर मीटर धरला, १२.५. सेल एका दमात बसला.

बाबांची एक तक्रार आहे, बांधावर बसून चावीशिवाय ऐकता येत नाही. त्यांना चावी पहिल्या खटक्यावर कशी ठेवायची ते दाखवलं, आणि अर्ध्या-पाऊण तासाच्या वर ऐकायचं असेल तर मधे इंजिन चालू करायचं म्हणून सांगितलं. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे, तेव्हा गाडी परत उभी राहणार.

वायरमनदादा, ताई, खूप आभार. सॉकेटमध्ये आता रबरी झाकण लावलंय.

मिरज_वायरमन

०.०३ म्हणजे उत्तम. झाकण लावलंत ते बरं केलंत. बॅटरी दोनदा पूर्ण उतरलीये, तेव्हा ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात एकदा चार्जरवर रात्रभर लावून घ्या, गाडी चालवून ती पूर्ण भरत नाही. वडिलांना नमस्कार सांगा.

खान्देशी_स्टेअरिंग

पिकअपचा फ्यूज बघितला दादा. झाकणावर १० लिहिलंय, मी २० चा घालून चार वर्षं फिरत होतो. आज १० चा घातला, लाइटी सोडून ठेवल्यात. रिले आणलाय, रविवारी बसवतो, अडलो तर इथेच विचारतो.